एका बोटानं एकतीस घरं

कुंभारवाडा, ता. जोयडा
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सोनिया हिस,
कान्हूआजोबाचे आशीर्वाद.

तुझं दिवाळीचं पत्र येऊन तीन आठवडे होतील. उत्तराला एवढा उशीर मी कधी केलेला नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस. दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा कागद फाडला. चष्म्याची एक काडी मोडली होती, हे एक कारण. दुसरं काही नाही. फोन मी करत नाही ते तुला ठाऊक आहे. रेंजसाठी टेकडी चढायची, वर जाऊन अर्धंच ऐकू यायचं, आणि मी ओरडून बोललेलं पलीकडच्या वाडीला आधी कळायचं.

तू विचारलंस ते ध्यानात आहे. आपल्या कंद संघाची यादी, म्हणजे कोणत्या घराच्या परसात कोणतं वाण आहे ती, तू यापुढे चित्रांच्या खिडकीतून चालवणार नाहीस. लिहिलेल्या हुकमांनी चालवणार आहेस, आणि कमिटीत मी तुझ्या बाजूने बोलावं असं तुझं म्हणणं. ही यादी अकरा वर्षं मी वहीत ठेवली. चौथी शिकलेल्या माणसानं ठेवली, तरी एक घर कधी चुकलं नाही. मग ती रामनगरच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर गेली, तू बेळगावात बसून तिच्याकडे बघतेस आणि ऑफिसातली भाग्यलक्ष्मी रोजचं काम करते. इथपर्यंत ठीक होतं.

आता ऐक. आपल्या वाडीची एकतीसच्या एकतीस घरं यादीतून गेली आहेत. शिवानंद अध्यक्ष म्हणतो, मागच्या आठवड्यात गेली. जानेवारीच्या मेळ्यात मांडायला जागा यादीवरून मिळते, म्हणजे आपली वाडी मेळ्याला नाही. मी त्या आठवड्यात रामनगरला गेलो होतो खरा, पण चष्म्याच्या कामाला.

माझा भाऊ वासू दोन वर्षांत माझ्या दारात आला नव्हता. परवा आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, “दादा, माझं नाव यादीत न्हाई म्हणत्यात. तुझं हाय का?”

मी म्हटलं, “न्हाई.”

“मग बरं हाय. मला वाटलं मी एकटाच.” आणि गेला. पाणीसुद्धा घेतलं नाही.

शिवानंद म्हणतो हे भाग्यलक्ष्मीच्या हातून झालं. ती म्हणते झालं नाही. मला एक सांग, यंत्राला मागचं आठवतं का? कोणी काय दाबलं ते त्यात कुठे राहतं का? सहज विचारतो. आणि तुझं ते हुकमांचं काम सध्या सुरू करू नकोस. आधीच माणसं बिथरली आहेत.

तुझा,
कान्हूआजोबा

*

बेळगाव
२४ नोव्हेंबर २०२४

ती. कान्हूआजोबा,
नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी आधी हसले. यादीतून वाडी गेली म्हणून नाही. तुम्ही आणि वासूआजोबा एकमेकांशी बोललात म्हणून. त्यासाठी एकतीस घरं जावी लागली.

घाबरू नका. गणेशचवतीच्या सुट्टीत मी यादीची एक प्रत काढून ठेवली होती, त्यातून एकतीस घरं परत आणता येतील. चवतीनंतर भाग्यलक्ष्मीअक्काने जे भरलं तेवढं पुन्हा विचारून घ्यावं लागेल. मेळ्याची जागा जाणार नाही.

पण आजोबा, सध्या सुरू करू नकोस म्हणता, आणि मला तर हे आजच सुरू करायला हवं असं वाटतंय. चित्रांच्या खिडकीची अडचण हीच आहे. पडद्यावर बाण फिरवायचा, नावावर ठेवायचा, केराच्या डब्याच्या चित्रावर दाबायचं. काम झटकन होतं. पण काय निवडलं होतं, कशावर दाबलं, कुठल्या क्रमानं, याचा कागद कुठेच राहत नाही. नंतर विचारलं तर माणूस म्हणतो मी काही केलं नाही, आणि त्याला खरंच तसं वाटत असतं.

स्क्रिप्ट म्हणजे ओळीखाली ओळ लिहिलेल्या सूचना. यंत्र त्या वरून खाली वाचतं आणि तसंच करतं. काम करायच्या आधी दुसऱ्या कोणालाही ती वाचून दाखवता येते. तुम्ही बियाण्याचे कंद राखेत पुरताना खांबाला चिठ्ठी लावायचात, आठवतं? कोणते कंद कुठल्या कोपऱ्यात, किती दिवस, वर किती पालापाचोळा. केशरआजी म्हणायची, “येवढं काय लिवायचं, मी हाय की.” पण ती आजारी पडली त्या वर्षी वासूआजोबांच्या घरच्या चंद्राआजीनं आणि मी ती चिठ्ठी वाचूनच पुरलं होतं, आणि एकही कुजला नाही. मी यंत्रासाठी तशी चिठ्ठी लिहिते, एवढंच.

तुम्ही विचारलंत, यंत्राला आठवतं का. थोडं आठवतं. यादी जिथे ठेवली आहे ते मोठं यंत्र स्वतःची एक रोजनिशी लिहितं. ती वाचायला कटकटीची आहे आणि दोन महिन्यांनी आपोआप पुसली जाते. ऑफिसच्या कामातून सवड मिळाली की बघेन.

चष्म्याची काडी नीट झाली का? एवढ्या लांब गेलात, तर ऑफिसात जाऊन चहा तरी घेतलात का अक्कांकडे?

तुमची,
सोनिया

*

कुंभारवाडा
२ डिसेंबर २०२४

चि. सोनिया,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. काडी नीट झाली. चहाचं मला नक्की आठवत नाही.

शुक्रवारी शिवानंदाने बोलावलं म्हणून रामनगरला गेलो. येताना बस मिळाली नाही, अर्धी वाट चालत आलो, गुडघा सुजला आहे. काळजी करू नकोस. ऑफिसात शिवानंद, आणखी दोघे, आणि भाग्यलक्ष्मी. ती बिचारी टेबलाच्या त्या बाजूला उभी, जशी काही फीची पावती घ्यायला आली आहे. सहा वर्षं तिथे खुर्चीवर बसणारी बाई.

शिवानंद म्हणाला, “कॉम्प्युटर माझा न्हाई, तुझा. तुझ्याशिवाय हात कोण लावतंय त्याला?”

ती म्हणाली, “कुणी न्हाई लावत, अण्णा. पण मी त्यांची नावं कशाला काढू? माझं काय वाकडं हाय त्यांच्याशी?”

“वाकडं न्हाई. ध्यान न्हाई.”

तिला ते लागलं. नंतर तिनंच सगळ्यांना चहा दिला. मला म्हणाली, “अज्जा, तुम्ही साखर कमी घेता न्हवं?” मी तो चहा तसाच खाली ठेवला. ही नोकरी गेली तर तिला पुन्हा काजूच्या कारखान्यात जावं लागेल. तिथे तिची बोटं काजूच्या तेलानं सोलून निघत होती, हे तिनंच एकदा मला दाखवलं होतं. मुलीचं कॉलेज तिच्याच जिवावर चाललं आहे.

मी शिवानंदाला म्हटलं, नावं परत येणार आहेत तर विषय कशाला वाढवता. तो म्हणाला, नावं परत आली तरी चूक कुणाची ते लागेलच. लोक असे हट्टाला पेटतात.

ती रोजनिशी तू बघितलीस का? त्यात काय काय असतं? नाव असतं की नुसती वेळ? दोन महिन्यांनी पुसली जाते म्हणतेस, तर मग पुसली जाऊ दे की. तुझं ऑफिसचं काम आहे, उगीच डोळे कशाला शिणवतेस.

आणखी एक, आता विषय निघालाच आहे म्हणून. यादी परत आणशील तेव्हा ‘जांभळा कोन’ या कंदापुढे कोणाचं नाव आहे ते बघ. वासूचं आहे. हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं. तो हातभर लांबीचा, आत जांभळा निघणारा कंद केशरनं आणला. आमच्यात नवरी माहेराहून एक कंद ओटीत घेऊन येते आणि सासरच्या परसात पहिल्या पावसाआधी लावते, हे तुला माहीत आहे. केशर तो घेऊन आली तेव्हा वासू हाफ चड्डीत होता. तिच्या आजारपणात डुकरांनी आमचं परस उकरलं, आणि वासूनं यादीत लिहून दिलं, ‘जांभळा कोन, वासू’. मेळ्यात त्या कंदासोबत त्याचा फोटो काढला. केशर जाऊन महिना झाला नव्हता. मी त्याच्याशी बोलत नाही ते यासाठी. असो.

उत्तर लवकर दे.

कान्हूआजोबा

*

बेळगाव
८ डिसेंबर २०२४

ती. आजोबा,
नमस्कार.

गुडघ्याला शेक द्या आणि चालत येणं बंद करा.

एकतीस घरं परत आली. या वेळी मी खिडकी उघडलीच नाही. स्क्रिप्ट लिहिली, भाग्यलक्ष्मीअक्कांना फोनवर ओळ न् ओळ वाचून दाखवली, मग चालवली. अक्का म्हणाल्या, “हे चांगलं हाय. हे असतं तर मी दाखवलं असतं की, बघा, मी हे लिवलं आणि हे लिवलं न्हाई.”

तुम्ही कमिटीत माझ्या बाजूने बोलणार की नाही ते अजून सांगितलं नाहीत. म्हणून एक स्क्रिप्ट मराठीत करून पाठवते. यादीतून एक नाव काढायचं असेल तेव्हाची ही आहे:

१. आधी पूर्ण यादीची प्रत काढ. प्रत निघाली नाही तर इथेच थांब.
२. कोणाचं नाव काढायचं, का, आणि कोणी सांगितलं, हे लिहिलेलं आहे का बघ. नसेल तर थांब.
३. ते नाव काढ.
४. किती नावं निघाली ते मोज. एकापेक्षा जास्त निघाली तर सगळी जागेवर ठेव आणि थांब.
५. काय केलं, कोणी केलं, कधी केलं, ते लिहून ठेव.

चौथी ओळ बघा. चुकून एकतीस गेली असती तरी यंत्रानं ती परत ठेवली असती. यात एक भीती आहे ती लपवत नाही. स्क्रिप्टच चुकीची लिहिली, तर यंत्र चूकही तितक्याच वेगानं आणि न कंटाळता करतं. पण ती चूक कागदावर दिसते, दुरुस्त करता येते.

जांभळ्या कोनाचं बघितलं. आजोबा, रागावू नका, पण एक सांगते. सबंध तालुक्याच्या यादीत तो कोन एकाच ठिकाणी आहे, वासूआजोबांच्या परसात. केशरआजीनं आजारपणात एक तुकडा चंद्राआजीला दिला होता, तो तिनं लावला, म्हणून राहिला. तुमच्याकडचा डुकरांनी संपवला. ती नोंद चवतीच्या प्रतीत नसती, तर उद्या कोणी विचारलं असतं तेव्हा ते वाण आहे हे कोणाला कळलंच नसतं. आजीचं नाव त्यापुढे लागायला हवं हे तुमचं खरं आहे. पण ते नाव लावायला वासूआजोबांचं काढावं लागत नाही. यादीत एक रकाना वाढवता येतो.

रोजनिशी पुढच्या आठवड्यात बघते. शिवानंदकाकांनी लेखी मागितलंय.

सोनिया

*

कुंभारवाडा
१३ डिसेंबर २०२४

चि. सोनिया,

घाईत लिहितो, पोस्टाची पिशवी दुपारच्या बसनं जाते.

तो कागद मी वाचला. वाचला म्हणजे चार-पाच वेळा वाचला. चौथी ओळ फार चांगली आहे. कमिटीत मी तुझ्या बाजूने बोलेन. तू म्हणशील ते बोलेन.

पण ती रोजनिशी बघायची खरंच गरज आहे का? नावं आली, वाडी मेळ्याला आहे, सगळं जागेवर आहे. शिवानंदाला लिही की सापडलं नाही. नाही तर सापडत नाही असं लिही, ते खोटं होत नाही. म्हातारपणी मला उगीच धडधडतं. परसात डुकरांना हाकलायला डबे टांगले आहेत ते वाऱ्यानं वाजले तरी मी उठून बघतो. जेवण जात नाही.

एकाच ठिकाणी आहे म्हणालीस, ते नक्की का? पुन्हा बघ. नंदिगड्ड्याला कोणाकडे तरी असेल. केशरच्या माहेरी असेल. मी विचारायला गेलो असतो, पण गुडघा.

कान्हूआजोबा

*

बेळगाव
१६ डिसेंबर २०२४

ती. आजोबा,

तुमचं पत्र यायच्या आधीच मी रोजनिशी वाचून ठेवली होती. तुमच्या पत्रानंतर पुन्हा वाचली.

१२ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. रामनगरच्या ऑफिसातला कॉम्प्युटर. एकतीस ओळी निवडलेल्या, एका झटक्यात काढलेल्या. यंत्रानं ‘नक्की काढायच्या का’ असं इंग्रजीत विचारलं असणार, आणि हो म्हटलं गेलं. नाव भाग्यलक्ष्मीअक्कांचं. त्यांच्या पासवर्डनं उघडलेलं.

मला वाईट वाटतंय. त्या खोटं बोलतात असं मला वाटत नाही. मेळ्याची पत्रं छापण्यासाठी त्यांनी वाडीची सगळी नावं निवडून ठेवली असतील आणि छपाईच्या चित्राऐवजी शेजारच्या डब्यावर बोट पडलं असेल, असं मी धरून चाललेय. कोणाच्याही हातून होईल असं आहे. पण शिवानंदकाकांना ‘सापडलं नाही’ असं मी लिहू शकत नाही. मी या कामावर पोट भरते, आजोबा. माझ्या लिहिण्यावर भरवसा राहिला नाही तर मी काहीच नाही.

तुम्हाला एवढी धडधड कशाची? अक्कांच्या काळजीनं होत असेल, मला कळतं. पण तुम्ही जेवत जा.

नंदिगड्ड्याला नाही. आजीच्या माहेरीही नाही, मी फोन करून विचारलं. एकाच ठिकाणी आहे.

सोनिया

*

बेळगाव
२७ डिसेंबर २०२४

ती. आजोबा,

अकरा दिवस तुमचं पत्र नाही, म्हणून वाट न बघता लिहिते.

अहवाल दिला. अक्कांना एक तारखेपासून येऊ नका म्हणून सांगितलंय. आठ जानेवारीला, बुधवारी, सभेत ते पक्कं होईल. काल त्यांच्याशी बोलले. रडल्या नाहीत, त्यानंच मला जास्त लागलं. म्हणाल्या, “मी दाबलं न्हाई असं मला वाटतंय. पण यंत्रात माझं नाव हाय म्हणतेस, तर मीच दाबलं असंन. आता मलाच माझा भरवसा न्हाई.”

मग म्हणाल्या, त्या वेळी मी मेळ्याची पत्रं कंडक्टरकडे द्यायला स्टँडवर गेले होते की आले होते, ते मला आठवत नाही. कान्हूअज्जा आले होते त्या दिवशी, स्टुलावर बसले होते, चहा दिला होता मी त्यांना. त्यांना विचार, मी कुठं होते. ते सांगतील.

आजोबा, तुम्ही मला लिहिलं होतंत की चष्म्याच्या कामाला गेला होतात, आणि चहाचं आठवत नाही. तुम्ही तिथं होतात का? अक्का बाहेर गेल्या तेव्हा आणखी कोणी आत आलं का? तुम्ही कोणाला तरी घाबरून सांगत नसाल तर मला सांगा. मी तुमचं नाव कुठे येऊ देणार नाही.

सोनिया

*

कुंभारवाडा
३१ डिसेंबर २०२४

चि. सोनिया,
आशीर्वाद.

माझं नाव येऊ देणार नाही म्हणालीस. ते यायलाच हवं, म्हणून लिहितो.

आत आणखी कोणी आलं नव्हतं. मी होतो.

तुझा तो पाच ओळींचा कागद मी खांबाला लावला आहे, जिथे माझी चिठ्ठी असायची तिथे. तसंच ओळीखाली ओळ लिहितो, म्हणजे सभेत कोणालाही वाचता येईल आणि मधली एखादी गोष्ट मला गाळता येणार नाही.

आधी प्रत काढली. हे पत्र मी दोनदा लिहिलं आहे. एक तुला. एक शिवानंदाला, ते वासू स्वतः घेऊन रामनगरला गेला आहे. वासूचं पुढे सांगतो.

१२ नोव्हेंबरला मी चष्म्याच्या दुकानात गेलो, काडी बसायला तासभर लागेल म्हणाला, म्हणून ऑफिसात जाऊन बसलो. भाग्यलक्ष्मीनं चहा दिला, साखर कमी. पडद्यावर आपल्या वाडीची यादी होती, सगळ्या नावांमागे निळा रंग. मला वाटलं ती तशीच दिसते. मी विचारलं, एखादं घर गाव सोडून गेलं तर नाव कसं काढता. तिनं हसून दाखवलं, हा डबा आहे ना अज्जा, याच्यावर दाबायचं, की गेलं. तिनं दाबलं नाही. नुसतं बोटानं दाखवलं.

मग बसचा हॉर्न वाजला. ती पत्रांचा गठ्ठा घेऊन स्टँडवर पळाली. “अज्जा, बसा, आले मी.” म्हणजे ती बाहेर होती. हे मी शपथेवर सांगेन.

मी उठून जवळ गेलो. ‘जांभळा कोन’ आणि पुढे ‘वासू’. केशरचं कुठेच काही नाही. चष्मा दुकानात होता, खिशातला जुना डोळ्यांपुढे धरून वाचलं. फक्त ते एक नाव काढायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. का, ते लिहिलेलं नव्हतं. कोणी सांगितलं, तेही नाही. तुझ्या दुसऱ्या ओळीलाच मी थांबलो असतो. मी तिच्यासारखं ते उंदराएवढं यंत्र हातात धरलं, बाण हलेना, मग एकदम पळाला. डब्यावर आला. एका बोटानं दाबलं. इंग्रजीत काहीतरी विचारलं. मला वाचता येत नाही. दोन चौकोन होते, एक निळा होता. निळा बरा वाटला.

सगळी वाडी गेली. वासू गेला, मी गेलो, एकतीस घरं. पडदा पांढरा झाला.

मी मोजलं नाही, परत ठेवलं नाही. मला परत ठेवता येत नव्हतं. मी स्टुलावर येऊन बसलो. ती आल्यावर उरलेला चहा प्यालो. ती म्हणाली, अय्या, हे काय, छापायची नावं कुठं गेली, आणि परत काहीतरी करत बसली. मी उठलो, म्हटलं, काडी झाली असेल. ती बोलावत होती, “अज्जा, पाऊस येईल, थांबा.” नोव्हेंबरातला पाऊस. मी थांबलो नाही.

एवढं झालं. पुढचा दीड महिना मी तुला काय काय लिहिलं ते तुझ्याकडे आहे. ती रोजनिशी पुसली जावी म्हणून मी रोज कॅलेंडर बघत होतो. मला वाटायचं यंत्रात माझं नाव असेल. त्यात तिचं नाव निघालं, हे वाचून पहिल्यांदा मला बरं वाटलं. हेही लिहायला हवं. एक दिवस बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी नाही.

तू लिहिलंस, ती म्हणते मीच दाबलं असेल. ते वाचून मी तसाच वासूकडे गेलो. गुडघ्याचं काही वाटलं नाही. तो परसात कोन खणत होता. चंद्रा म्हणाली, बसा भावोजी. बसलो नाही, उभ्यानंच सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता, हातातली पहार तशीच. मला वाटलं मारतो.

मग म्हणाला, “म्हंजे मला पुसायला गेलास आणि स्वतःच पुसलास.”

“व्हय.”

तो हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. चंद्रानं त्याला पाणी दिलं. मग म्हणाला, “वहिनीनं दिलेला तुकडा हाय, मी न्हाई कुठं म्हटलं? मला कुणी इचारलंच न्हाई, कुणाचा. यादी भरणाऱ्या पोरीनं इचारलं, परसात कोण लावतंय, मी म्हटलं मी.” हे मला दोन वर्षांत सुचलं नव्हतं, की त्याला तेवढंच विचारलं असेल.

मी म्हटलं, सभेला मी जाणार, पण लोकांसमोर माझा आवाज निघत नाही. तो म्हणाला, “मी येतो. शेजारी बसत न्हाई. माझा राग गेला न्हाई अजून. मागच्या बाकावर बसतो. तू गप झालास तर खोकतो.”

आता पाचवी ओळ. काय केलं: यादीतून एकतीस घरं काढली. कोणी केलं: कान्हू लाडू, राहणार कुंभारवाडा. कधी केलं: १२ नोव्हेंबर, अकरा चाळीस. भाग्यलक्ष्मी त्या वेळी स्टँडवर होती. हे तुला रोजनिशीत घालता येत असेल तर घाल. तिच्या नावाशेजारी घाल.

संघातून मला काढलं तर चालेल. माझं नाव काढताना स्क्रिप्टनंच काढ, म्हणजे माझ्यासोबत दुसरं कोणी जाणार नाही. जांभळ्या कोनापुढे मात्र तो नवा रकाना कर: केशरनं आणला, वासूच्या परसात आहे. वासूला विचारून लिहितो आहे.

आता माझी काळजी अशी आहे. वासू रामनगरला पोचला की नाही ते कळलेलं नाही, संध्याकाळची बस चुकली असेल तर उद्या येईल. शिवानंद घरी नसला तर पत्र कोणाकडे देईल? आणि हे पत्र आठ तारखेच्या आत तुला मिळेल का? तू भाग्यलक्ष्मीला आजच फोन कर, सभेची वाट बघू नकोस. तिला सांग, तू दाबलं नाहीस. हे आधी सांग, मग बाकीचं. तिला स्वतःचा भरवसा राहिला नाही म्हणते, ते मला रोज ऐकू येतं.

ती काय म्हणाली ते लिही. काही म्हणाली नाही तरी तसं लिही. मोठं पत्र नको, कार्ड टाक, दोन शब्दांचं चालेल. पोस्टाची पिशवी येते त्या वेळी मी रोज थांब्यावर जाऊन बसतो. लवकर कळव.

कान्हूआजोबा